लाइट रेल आल्याने शहराचा मध्यभाग खरोखर सावरतो का?

पादचारी (धागाकर्ता)

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक शहरांचे मध्यभाग ओस पडले. दुकाने उपनगरांतल्या मॉलमध्ये गेली, त्यांच्यामागे कचेऱ्या गेल्या, आणि पाडलेल्या इमारतींच्या जागी वाहनतळ आले. या दुखण्यावरचा एक उपाय म्हणून लाइट रेलकडे, म्हणजे शहरात धावणाऱ्या हलक्या, ट्रामसारख्या रेल्वेकडे, पाहिले जाते. कॅनडातल्या एडमंटनने १९७८ साली, तिथल्याच कॅल्गरीने आणि अमेरिकेतल्या सॅन डिएगोने १९८१ साली ती सुरू केली. फ्रान्समध्ये १९८५ साली नांत शहराने ट्राम परत आणली आणि पुढे तिथल्या अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या वेळी अमेरिकेतले पोर्टलंड आणि फ्रान्समधले स्ट्रासबूर यांची छायाचित्रे दाखवली जातात. अमेरिकेतल्याच बफेलोचे छायाचित्र मात्र कोणी दाखवत नाही.

माझा प्रश्न असा आहे की, रूळ टाकल्यामुळे मध्यभाग सावरला, की ज्या शहरांनी मध्यभाग सावरायचाच असे आधी ठरवले होते त्यांनी इतर कामांबरोबर रूळही टाकले? आणि स्थानकांभोवतीच्या वस्त्यांचे नियोजन कोणी करावे, कधी करावे? ज्यांनी अशा शहरांत राहून पाहिले आहे किंवा या क्षेत्रात काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

रूळप्रेमी

चांगला विषय काढलात. माझे मत स्पष्ट आहे: रूळांमुळे फरक पडतो, आणि तो त्यांच्या कायमपणामुळे पडतो. बसचा मार्ग एका परिपत्रकाने बदलता येतो, पण रस्त्यात बसवलेला रूळ उखडायला कोणी सहजासहजी धजत नाही. चाळीस वर्षे टिकणारी इमारत बांधणाऱ्याला समोरचा थांबाही तितकीच वर्षे तिथे राहील याची खात्री हवी असते. पोर्टलंडच्या लाइट रेलची, म्हणजे मॅक्सची, पहिली मार्गिका १९८६ साली ग्रेशमपासून मध्यभागापर्यंत आली, आणि त्यानंतरचे शहर आपल्यासमोर आहे.

मोजमाप

पोर्टलंडचा घटनाक्रम एकदा नीट मांडू या, कारण तो वरच्या मताला पुरता आधार देत नाही. मध्यभागाचा आराखडा १९७२ साली मंजूर झाला. नदीकाठचा हार्बर ड्राइव्ह हा महामार्ग १९७४ साली बंद करून त्या जागी उद्यान करण्यात आले. त्याच सुमारास माउंट हूड फ्रीवे हा नियोजित महामार्ग रद्द झाला आणि त्यासाठीचा केंद्रीय निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळवला गेला. मध्यभागात किती वाहने उभी राहू शकतील यावर मर्यादा आली. १९७७ साली दोन रस्ते मुख्यतः बससाठी राखले गेले. १९८४ साली एका दुमजली वाहनतळाच्या जागेवर पायोनियर कोर्टहाउस स्क्वेअर हा चौक उभा राहिला. गाडी धावली ती त्यानंतर दोन वर्षांनी. शहराने चौदा वर्षे मोटारगाडीकडून जागा परत घेण्याचे काम केले होते, आणि रेल्वे त्या कामाच्या शेवटाकडे आली.

रूळप्रेमी

घटनाक्रम मान्य आहे, निष्कर्ष नाही. निधी वळवताना समोर रेल्वेचा पर्याय नसता तर फ्रीवे रद्द करण्याला इतका पाठिंबा मिळाला असता का? ‘हे नको’ म्हणताना ‘त्याऐवजी हे’ असे दाखवावे लागते.

दूरस्थ

वाचतोय. दोघेही बरोबर आहेत असे म्हणून पळ काढावासा वाटतो.

मोजमाप

पळू नका, बफेलो बाकी आहे.

बफेलोची मार्गिका सुमारे दहा किलोमीटरची असून तिचा मध्यभागातला तुकडा १९८४ साली सुरू झाला. तिची रचना सहसा आढळत नाही अशी आहे: बहुतेक शहरांत गाडी मध्यभागात बोगद्यात जाते आणि बाहेर जमिनीवर येते, तर इथे ती मध्यभागात मेन स्ट्रीटवरून जमिनीवर धावते आणि पुढे भुयारात शिरते. मेन स्ट्रीटवरून मोटारी काढल्या, जमिनीवरच्या भागात प्रवास मोफत ठेवला, तरीही दुकाने एकामागून एक बंद पडली. शेवटी शहराने त्याच रस्त्यावर मोटारींना टप्प्याटप्प्याने परत जागा दिली.

त्याची कारणे गाडीत शोधून सापडणार नाहीत. १९५० साली सुमारे ५ लाख ८० हजार असलेली शहराची लोकसंख्या २०१० पर्यंत सुमारे २ लाख ६१ हजारांवर आली. विद्यापीठाचा मोठा नवा परिसर मध्यभागात न येता ॲमहर्स्ट या उपनगरात बांधला गेला, आणि मार्गिका तिथपर्यंत कधी पोहोचलीच नाही. एका हाताने माणसे बाहेर पाठवायची आणि दुसऱ्या हाताने त्यांना आणण्यासाठी गाडी बांधायची, तीही माणसे जिथे गेली तिथपर्यंत न जाणारी. अशी गाडी काय करणार?

चौकट

मी नगरनियोजनात काम करते, म्हणून स्ट्रासबूरबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण पादचारी यांच्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर मला तिथे दिसते.

तिथे ऐंशीच्या दशकात दोन पर्याय होते: भुयारातून जाणारी चालकविरहित मेट्रो किंवा रस्त्यावरची ट्राम. अनेक दुकानदारांना मेट्रो हवी होती, कारण ती जमिनीखालून जाईल आणि वर मोटारींची ये-जा चालू राहील. म्हणजे वाद वरवर वाहनाचा असला तरी मुळात रस्त्यावरच्या जागेचा होता. १९८९च्या निवडणुकीत कॅथरीन ट्राउटमान ट्रामचा पर्याय मांडून महापौर झाल्या. १९९२ साली मध्यभागातून आरपार जाणारी मोटार वाहतूक बंद करण्यात आली आणि ट्राम १९९४च्या नोव्हेंबरमध्ये धावली. आता क्रम पाहा: आधी मोटारी थांबवल्या, मग गाडी आणली. क्लेबेर चौकातून पूर्वी वाहनांची रांग जात असे, तिथे आज माणसे बसलेली दिसतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे फ्रान्समध्ये ट्रामचा प्रकल्प हा केवळ रूळांचा प्रकल्प मानला जात नाही. एका बाजूच्या इमारतीच्या भिंतीपासून समोरच्या इमारतीच्या भिंतीपर्यंत सगळा रस्ता नव्याने बांधला जातो: पदपथ, झाडे, दिवे, सायकलमार्ग, सगळे त्याच निविदांमध्ये. त्यामुळे ‘गाडीने काय केले आणि पदपथाने काय केले’ हे वेगळे मोजणे जवळजवळ अशक्य होते, आणि माझ्या मते ते मोजण्याचा हट्टही सोडून द्यावा. शहराच्या टोकाला मोटार लावून ट्रामने आत येणाऱ्यांसाठी वाहनतळाच्या तिकिटातच मोटारीतल्या सर्व प्रवाशांचे ट्रामभाडे येते. मोटार नाकारलेल्या माणसाला त्याच दमात दुसरी सोय दिलेली आहे.

पैशांचेही सांगते. फ्रान्समधल्या शहरांना मालकवर्गाकडून वेतनाच्या प्रमाणात वाहतूक कर गोळा करता येतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो आधी पॅरिस परिसरात आणि मग इतर शहरांत लागू झाला. हा नियमित पैसा नसता तर एवढ्या शहरांत ट्राम आली नसती. सुंदर छायाचित्रांत हा कर दिसत नाही.

बर्फातला

कॅल्गरीत काही वर्षे नोकरी केली, म्हणून तिथली बाजू लिहितो.

आकड्यांच्या दृष्टीने कॅल्गरीची सी-ट्रेन उत्तम चालते. मध्यभागात ती सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर बससोबत धावते आणि त्या पट्ट्यात तिकीट लागत नाही. मध्यभागात नवी इमारत बांधताना वाहनतळ मर्यादितच ठेवायचा आणि उरलेल्याबद्दल पालिकेला पैसे भरायचे, असे धोरण होते. त्यामुळे वाहनतळाचे दर चढे राहिले आणि कचेरीतली माणसे निमूटपणे गाडीने येऊ लागली. माझ्या मजल्यावर मोटारीने येणारा माणूस हा चर्चेचा विषय होत असे.

पण संध्याकाळी सहानंतर त्याच रस्त्यांवर माझ्या पावलांखेरीज आवाज नसे. गाडीने सकाळी माणसे आणली आणि संध्याकाळी तितक्याच कार्यक्षमतेने परत नेली. राहणारी माणसे मध्यभागात पुरेशी नव्हतीच. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले तेव्हा रिकाम्या कचेऱ्यांचे प्रमाण वाढत वाढत ३० टक्क्यांच्या आसपास गेले. २०२१ साली पालिकेने रिकाम्या कचेऱ्यांची घरे करणाऱ्यांना चौरस फुटामागे ७५ डॉलर अनुदान द्यायला सुरुवात केली. गाडी सुरू झाली त्याला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

उपनगरांतली स्थानकेही पाहण्यासारखी आहेत. वायव्य आणि ईशान्य मार्गिकांचे मोठे भाग रुंद रस्त्यांच्या मधल्या दुभाजकात आहेत. तिथे उतरल्यावर पादचारी पुलावरून जायचे, मग वाहनतळ ओलांडायचा, मग कुठे पहिले घर दिसते. दुभाजकातली जमीन स्वस्त पडते हे खरे, पण तिच्याभोवती वस्ती उभी राहू शकत नाही.

चौकट

बर्फातला यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण सहमती. मार्ग कुठून न्यायचा हे ठरते त्या क्षणी वस्तीचे अर्धे नियोजन झालेले असते. स्थानकापासून पाच ते दहा मिनिटे चालण्याच्या अंतरात, म्हणजे सुमारे ४०० ते ८०० मीटरच्या वर्तुळात, काय बांधता येईल यावर सगळा खेळ असतो. ते वर्तुळ आठ पदरी रस्ता आणि वाहनतळ यांनीच व्यापले, तर पुढे चटईक्षेत्र कितीही वाढवून दिले तरी बांधणार कुठे?

बसवाला

इतका वेळ गप्प होतो. जर खरे काम रस्त्याची जागा परत घेण्याचे, वाहनतळ कमी करण्याचे आणि बांधकामाचे नियम बदलण्याचे असेल, तर ते बसने का होऊ नये? ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ पासून बससाठी स्वतंत्र मार्ग करून त्यांच्या कडेने उंच इमारतींना परवानगी दिली. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या युक्लिड ॲव्हेन्यूवर २००८ साली जलद बससेवा सुरू झाली. तिथेही रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत नवा झाला आणि त्याच्या कडेने मोठी बांधकामे झाली. तेवढ्याच पैशात बसचे जाळे कितीतरी मोठे होते.

रूळप्रेमी

क्लीव्हलंडच्या त्या रस्त्यावर मोठी रुग्णालये आणि विद्यापीठे आहेत. त्यांनी बसशिवायही बांधकामे केलीच असती.

बसवाला

हाच निकष पोर्टलंडला लावाल का?

रूळप्रेमी

लावतो. आणि मग कॅनडातल्या ओटावालाही लावतो. त्या शहराने १९८३ पासून बससाठी स्वतंत्र मार्ग बांधले आणि ती सेवा इतकी यशस्वी झाली की मध्यभागातल्या आल्बर्ट आणि स्लेटर या दोन रस्त्यांवर गर्दीच्या वेळी बसच्या मागे बस उभी राहू लागली. अखेर २०१९ साली मध्यभागाखालून सुमारे अडीच किलोमीटरचा बोगदा काढून लाइट रेल सुरू करावी लागली. एका चालकामागे किती प्रवासी, हा हिशेब मोठ्या शहरात कधीतरी करावाच लागतो.

बसवाला

आणि त्या रेल्वेच्या घसरणीनंतर सार्वजनिक चौकशी बसली, तेही लिहा. तरीही मुद्दा पोहोचला. माझे म्हणणे एवढेच आहे की बस असो वा रेल्वे, मार्गिका पूर्णपणे राखीव नसेल तर दोन्ही मोटारींच्या मागे उभ्या राहतात. मिश्र वाहतुकीत अडकलेली ट्राम ही बसपेक्षाही वाईट, कारण तिला वाट चुकवून जाता येत नाही. दाराशी उभी केलेली एक मोटार अख्खी मार्गिका थांबवते.

काउंटरमागची

माझे दुकान अशाच एका कामाच्या रस्त्यावर होते, शहराचे नाव लिहीत नाही. इथे सगळे जण गाडी धावल्यानंतरच्या शहराबद्दल बोलत आहात. मला त्याआधीच्या वर्षांबद्दल बोलायचे आहे.

रस्ता खणला की गिऱ्हाईक येत नाही. कुंपणाला लावलेल्या ‘दुकाने चालू आहेत’ या फलकाचा उपयोग होत नाही. जमिनीखाली कोणत्या वाहिन्या कुठे आहेत याची खरी माहिती कोणाकडेच नसते, त्यामुळे ‘सहा महिन्यांत’ हे शब्द दर सहा महिन्यांनी ऐकू येतात. एडिनबरामध्ये लीथ वॉक या रस्त्यावरच्या व्यावसायिकांनी ट्रामसाठी भूमिगत वाहिन्या हलवण्याचे खोदकाम सोसले आणि नंतर ट्रामचा तो टप्पाच वगळला गेला. ५४५ दशलक्ष पौंडांचा अंदाज असलेल्या कामाचा कापलेला भाग ७७६ दशलक्षांत २०१४ साली सुरू झाला. लीथचा टप्पा अखेर २०२३ साली पूर्ण झाला, म्हणजे त्या रस्त्याने तेच दुखणे दोनदा काढले. सिडनीच्या जॉर्ज स्ट्रीटवर मोटारी जाऊन आता माणसे फिरतात ते उत्तमच आहे, पण तिथल्या व्यावसायिकांना नुकसानभरपाईसाठी न्यायालयात जावे लागले.

रस्ता सजून तयार होतो तेव्हा त्यावर नवी दुकाने असतात. वाढलेले भाडे त्यांना परवडते. ‘पुनरुज्जीवन’ झालेल्या आकडेवारीत आधीची दुकाने कोणत्या रकान्यात मोजतात?

मोजमाप

मोजत नाहीत. रिकाम्या गाळ्यांचे प्रमाण मोजतात, आणि गाळा भरला की तो भरला. तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत नेमका आहे.

उत्तरेकडचा

काउंटरमागची यांच्या मुद्द्याला धरून सेंट पॉलचे उदाहरण देतो. मिनियापोलिस आणि सेंट पॉल यांना युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवरून जोडणारी ग्रीन लाइन २०१४ साली सुरू झाली. तिथल्या कामाच्या काळात छोट्या व्यावसायिकांसाठी परतफेड माफ होऊ शकेल अशी कर्जे ठेवली होती. रस्त्याकडेच्या वाहनतळाची बहुतेक जागा गेली, त्यामुळे नाराजी राहिलीच, पण निदान तरतूद होती.

खरी गोष्ट स्थानकांची आहे. मूळ आराखड्यात पूर्वेकडच्या भागात स्थानके सुमारे एकेक मैलावर होती, आणि नेमका तोच भाग कमी उत्पन्नाच्या, स्थलांतरितांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा होता. त्याच परिसरातली रोंडो ही कृष्णवर्णीयांची वस्ती पूर्वी महामार्गासाठी चिरली गेली होती, त्यामुळे ‘गाडी आमच्या दारावरून जाणार पण थांबणार नाही’ हे लोकांना नवे वाटले नाही. स्थानके वाढवली तर प्रवासाचा वेळ आणि खर्च वाढतो आणि केंद्राच्या खर्च-परिणामकारकतेच्या सूत्रात प्रकल्प नापास होतो, असे उत्तर मिळत होते. रहिवासी संघटनांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला, २०१० साली केंद्र सरकारने ते सूत्र शिथिल केले, आणि हॅमलिन, व्हिक्टोरिया व वेस्टर्न ही तीन स्थानके आराखड्यात आली.

‘नियोजन कोणी करावे’ या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे. तज्ज्ञांनी वेळ वाचवण्याचा हिशेब अचूक केला होता. कोणाचा वेळ, हे रहिवाशांनी विचारले.

दूरस्थ

थोडे अवांतर: रूळांमध्ये गवत का लावतात? आणि सायकलचे चाक त्या खाचेत अडकते का?

चौकट

गवतामुळे आवाज कमी होतो, पाणी जमिनीत मुरते आणि मोटारचालक आपोआप त्या पट्ट्यात शिरत नाहीत. शेवटचा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. चाक अडकते. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावा, आणि नियोजन करणाऱ्याने सायकलस्वाराला तसे वळण द्यावे. तारांचेच म्हणाल तर बोर्डोने २००३ साली ऐतिहासिक भागात वरच्या ताराच टाळल्या आणि जमिनीतून वीज दिली. सुरुवातीला ती यंत्रणा फार बिघडत असे. ग्रेनोबलमध्ये १९८७ साली अपंगांच्या संघटनांच्या आग्रहामुळे सखल तळाची ट्राम आली, आणि आज पालक मुलांच्या ढकलगाड्या घेऊन ज्या सहजतेने आत शिरतात त्याचे श्रेय त्या आग्रहाला आहे. मध्यभागात कोणत्या वयाची माणसे दिसतात हे पायरीच्या उंचीवरही ठरते. तेव्हा हे पूर्ण अवांतर नाही.

भाडेकरू

उत्तरेकडचा यांनी सुरू केलेला विषय पुढे नेतो. पोर्टलंडच्या उत्तर भागात आल्बिना ही कृष्णवर्णीयांची वस्ती आधी क्रीडागृहासाठी, मग महामार्गासाठी, मग रुग्णालयाच्या विस्तारासाठी तोडली गेली. २००४ साली त्याच भागातून मॅक्सची यलो लाइन ही मार्गिका सुरू झाली, भाडी आणि किमती चढल्या, आणि उरलेल्या अनेकांना शहराच्या पूर्व टोकाला जावे लागले, जिथे सार्वजनिक वाहतूक विरळ आहे. नंतर शहराने विस्थापित कुटुंबांना नव्या परवडणाऱ्या घरांत प्राधान्य देणारे धोरण आणले. ते स्वागतार्ह आहे, पण तोवर बरीच घरे हातची गेली होती.

ज्यांना गाडीची सर्वाधिक गरज असते तेच गाडीमुळे दूर फेकले जातात. जमीन मार्ग जाहीर होण्याच्या दिवशी महागते, गाडी धावते त्या दिवशी नाही. म्हणून परवडणाऱ्या घरांसाठीची जमीन मार्ग जाहीर होण्याआधी सार्वजनिक मालकीत यायला हवी.

रूळप्रेमी

त्याच पोर्टलंडमध्ये याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. पर्ल डिस्ट्रिक्ट हा भाग जुन्या रेल्वे यार्डाचा होता, तिथे विस्थापित करायला फारसे कोणी नव्हते. १९९७ साली पालिकेने मुख्य जमीनमालकाशी करार केला: किमान घनता एकरी १५ घरांची, पालिकेने लव्हजॉय पूल पाडला की ती ८७, स्ट्रीटकारचे (रस्त्यावरच्या ट्रामचे) काम सुरू झाले की १०९, पहिले उद्यान झाले की १३१. दोन्ही बाजू एकमेकांना बांधलेल्या होत्या. स्ट्रीटकार २००१ साली धावली.

भाडेकरू

हा करार मला माहीत नव्हता. कमाल नव्हे तर किमान घनता ठरवणे हे विशेष आहे. मात्र रिकाम्या यार्डावर जे जमते ते वस्ती असलेल्या भागात जसेच्या तसे जमणार नाही.

पादचारी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो.

मोजमाप यांचा पोर्टलंडचा घटनाक्रम आणि चौकट यांचा स्ट्रासबूरचा घटनाक्रम वाचून माझा कल आता स्पष्टपणे एका बाजूला झुकला आहे: मोटारीकडून जागा काढून घेण्याचे राजकीय धैर्य आधी लागते, आणि रेल्वे ते टिकवण्याच्या कामी येते. रूळप्रेमी यांचा कायमपणाचा मुद्दा मी इथेच बसवतो. पुढच्या महापौराला तो चौक पुन्हा मोटारींना देणे अवघड होते, हा रूळांचा मोठा उपयोग. बफेलोत मात्र रूळ असूनही मोटारी परत आल्या, त्यामुळे हेही पूर्ण संरक्षण नाही. काउंटरमागची आणि भाडेकरू यांच्या प्रश्नांना मला समाधानकारक उत्तर सापडलेले नाही, आणि कोणत्याही शहराच्या आराखड्यात ते प्रश्न पहिल्या पानावर दिसत नाहीत.

बसवाला

‘मार्गिका राखीव असल्यास’ हे चार ठिकाणी जोडून घ्या, मग माझी सही.

मोजमाप

बफेलोबद्दल एक भर घालतो, कारण मीच त्याला नापास करून गेलो होतो आणि ते अर्धेच चित्र आहे. २०१७ साली त्या शहराने नव्या बांधकामांवरची किमान वाहनतळाची सक्ती संपूर्ण शहरात रद्द केली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये असे करणारे ते पहिल्यांपैकी होते. म्हणजे पोर्टलंडने रेल्वेच्या आधी वाहनतळांना आळा घातला आणि बफेलोने रेल्वेनंतर तीन दशकांनी तसे केले. ॲमहर्स्टमधल्या विद्यापीठापर्यंत मार्गिका नेण्याचा प्रस्तावही अनेक वर्षे चर्चेत आहे. तो झाला, तर रूळ तेच ठेवून नियम बदलल्यावर काय होते हे तपासायला याहून चांगले ठिकाण मिळणार नाही.

काउंटरमागची

खोदकाम सुरू होण्याआधी तिथल्या दुकानांची यादी कोणीतरी करून ठेवा.